फ्रँक वॉरेल

सर फ्रँक मॉर्टिमर मॅग्लिन वॉरेल (जन्म : १ ऑगस्ट १९२४, बार्बाडोस, मृत्यू : १३ मार्च १९६७, किंग्स्टन, जमैका) हे वेस्ट इंडीजचे अष्टपैलू क्रिकेटपटू आणि कर्णधार होते. उजव्या हाताने फलंदाजी आणि डाव्या हाताने मध्यमगती व मंदगती अशी दोन्ही प्रकारची गोलंदाजी ते करीत. १९४८ ते १९६३ या काळात ते ५१ कसोटी सामने खेळले व त्यांपैकी १५ सामन्यांत त्यांनी संघाचे नेतृत्व केले. वेस्ट इंडीजच्या संघाचे नियमित कर्णधारपद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. एव्हर्टन वीक्स व क्लाइड वॉलकॉट या बार्बाडोसच्याच फलंदाजांसह ते ‘तीन डब्ल्यू’ या नावाने ओळखले जात.

वॉरेल यांच्या धावांची आणि बळींची संख्या मोठी असली तरी क्रिकेटच्या इतिहासातील त्यांचे स्थान केवळ तिच्यावर अवलंबून नाही. निरनिराळ्या बेटांवरून आलेल्या, गुणवान परंतु विस्कळीत समजल्या जाणाऱ्या खेळाडूंचा त्यांनी एकजिनसी संघ घडविला. कर्णधारपद गोऱ्या अथवा गौरवर्णीय खेळाडूकडेच असावे, हा वसाहतकालीन संकेत त्यांच्या नेमणुकीने मोडला आणि त्यांच्या कामगिरीने तो कायमचा निरर्थक ठरविला. १९६२ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर जखमी झालेले भारतीय कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना त्यांनी केलेल्या रक्तदानामुळे भारतीय क्रिकेटरसिकांच्या मनात त्यांचे नाव विशेष आदराने घेतले जाते.

प्रारंभिक जीवन

वॉरेल यांचा जन्म बार्बाडोसमधील सेंट मायकेल परगण्यातील बँक हॉल या भागात झाला. ब्रिजटाउनचे प्रसिद्ध केन्सिंग्टन ओव्हल मैदान तेथून जवळ आहे. वीक्स व वॉलकॉट हेही याच परिसरातले. तिघांचाही जन्म सुमारे अठरा महिन्यांच्या अवधीत, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर झाला, हा क्रिकेटच्या इतिहासातील एक विलक्षण योगायोग मानला जातो.

वॉरेल यांचे शालेय शिक्षण कॉम्बरमियर शाळेत झाले. १९४१–४२ च्या मोसमात, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी बार्बाडोसकडून प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. त्या वेळी त्यांची निवड डावखुरा मंदगती गोलंदाज म्हणून झाली होती व ते तळाच्या क्रमांकावर फलंदाजीस येत. मात्र थोड्याच काळात त्यांच्यातील फलंदाज पुढे आला. १९४३–४४ मध्ये त्रिनिदादविरुद्ध त्यांनी नाबाद ३०८ धावा केल्या आणि जॉन गॉडार्ड यांच्यासह चौथ्या गड्यासाठी ५०२ धावांची अभेद्य भागीदारी रचली. त्या वेळी ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. दोनच वर्षांनी, १९४५–४६ मध्ये, त्रिनिदादविरुद्धच पोर्ट ऑफ स्पेन येथे वॉरेल (नाबाद २५५) व वॉलकॉट (नाबाद ३१४) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७४ धावांची अभेद्य भागीदारी केली. एकाच फलंदाजाने पाचशेहून अधिक धावांच्या दोन भागीदाऱ्यांत भाग घेण्याचा हा प्रसंग अपूर्व होता.

१९४७ मध्ये वॉरेल बार्बाडोस सोडून जमैकात स्थायिक झाले. जन्म एका बेटावर आणि निवास दुसऱ्या बेटावर, अशी त्यांच्या आयुष्याची विभागणी तेव्हापासून झाली. बेटाबेटांमधील चुरस कॅरिबियन समाजात खोलवर रुजलेली होती. त्यामुळे पुढे संपूर्ण वेस्ट इंडीजचे नेतृत्व करताना या अनुभवाचा त्यांना उपयोग झाला, असे मानण्यास जागा आहे.

कसोटी कारकिर्दीचा आरंभ

फेब्रुवारी १९४८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे इंग्लंडविरुद्ध वॉरेल यांनी कसोटी पदार्पण केले. पहिल्याच डावात त्यांनी ९७ धावा केल्या. पुढच्या जॉर्जटाउन येथील कसोटीत त्यांनी नाबाद १३१ धावा करून पहिले शतक नोंदविले. या मालिकेत त्यांची धावसरासरी १४७ इतकी होती.

असे असूनही १९४८–४९ मध्ये भारताच्या दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडीजच्या संघात वॉरेल नव्हते. मानधनाच्या प्रश्नावरून त्यांचे आणि क्रिकेट मंडळाचे एकमत होऊ शकले नाही. व्यावसायिक खेळाडूने आपल्या श्रमाचे योग्य मोल मागावे, ही भूमिका त्या काळच्या मंडळाला रुचणारी नव्हती. या प्रसंगामुळे अडवणूक करणारा खेळाडू अशी त्यांची प्रतिमा काही वर्तुळांत तयार झाली. ती पुसली जाण्यास बरीच वर्षे जावी लागली.

१९४८ पासून वॉरेल इंग्लंडमधील सेंट्रल लँकेशायर लीगमध्ये रॅडक्लिफ या क्लबकडून व्यावसायिक म्हणून खेळू लागले. लीगमधील व्यावसायिकाला आठवड्याच्या सामन्यात फलंदाजी, गोलंदाजी व हौशी सहकाऱ्यांचे मार्गदर्शन अशी तिन्ही कामे करावी लागत. त्यांच्या अष्टपैलुत्वाला आणि नेतृत्वगुणांना तेथे वळण लागले. याच काळात त्यांनी मँचेस्टर विद्यापीठात प्रवेश घेतला आणि खेळता खेळता पदवी मिळविली.

१९५० चा इंग्लंड दौरा

१९५० मध्ये वेस्ट इंडीजने इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी मालिका जिंकली (३–१). लॉर्ड्‌सवरील विजयाचे श्रेय सॉनी रामाधीन व आल्फ व्हॅलेंटाइन या तरुण फिरकी गोलंदाजांना दिले जाते. फलंदाजीत मात्र वॉरेल सर्वांत यशस्वी ठरले. त्यांनी मालिकेत ८९.८३ च्या सरासरीने ५३९ धावा केल्या. ट्रेंट ब्रिज येथे त्यांनी काढलेल्या २६१ धावा ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या होय. या डावात त्यांनी वीक्स यांच्यासह चौथ्या गड्यासाठी २८३ धावा जोडल्या. ओव्हल मैदानावरील अखेरच्या कसोटीत त्यांनी १३८ धावा केल्या. ‘विस्डेन’ने १९५१ मध्ये वर्षातील पाच क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली.

अष्टपैलू खेळाडू म्हणून कामगिरी

वॉरेल यांची फलंदाजी डौलदार आणि संयत होती. चेंडू उशिरा खेळण्याची त्यांना सवय होती. त्यांचा ‘लेट कट’ विशेष प्रेक्षणीय समजला जाई. ‘तीन डब्ल्यूं’मध्ये वॉलकॉट हे ताकदीसाठी, वीक्स हे आक्रमकतेसाठी, तर वॉरेल हे शैलीसाठी ओळखले जात. गरजेप्रमाणे सलामीपासून मधल्या फळीपर्यंत कोणत्याही क्रमांकावर ते खेळले.

त्यांच्या गोलंदाजीचे मोल सरासरीवरून ठरविणे योग्य होणार नाही. कसोटीत त्यांनी ३८.७२ च्या सरासरीने ६९ बळी घेतले. जगातील पहिल्या प्रतीच्या अष्टपैलूंच्या तुलनेत ही सरासरी सामान्य आहे. तथापि नव्या चेंडूने स्विंग आणि जुन्या चेंडूने फिरकी, अशा दोन्ही भूमिका एकाच खेळाडूकडून मिळत असल्याने संघाला त्यांचा मोठा आधार वाटे. डिसेंबर १९५१ मध्ये ॲडलेड येथे त्यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले व ऑस्ट्रेलियाचा डाव ८२ धावांत संपला. वेस्ट इंडीजने तो सामना जिंकला.

१९५३ मध्ये किंग्स्टन येथे भारताविरुद्ध त्यांनी २३७ धावा केल्या. त्याच डावात वीक्स (१०९) व वॉलकॉट (११८) यांनीही शतके केली. भारताकडून पंकज रॉय (१५०), विजय मांजरेकर (११८) व पॉली उम्रीगर (११७) यांनी शतके काढल्याने सामना अनिर्णित राहिला. पुढच्याच वर्षी पोर्ट ऑफ स्पेन येथे इंग्लंडविरुद्ध ‘तीन डब्ल्यूं’नी पुन्हा एकाच डावात शतके नोंदविली, त्यात वॉरेल यांच्या १६७ धावा होत्या.

१९५७ च्या इंग्लंड दौऱ्यात वेस्ट इंडीजची मालिकेत वाताहत झाली. वॉरेल मात्र दोन वेळा संघाच्या पराभवाआड उभे राहिले. ट्रेंट ब्रिज येथे सलामीला येऊन ते नाबाद १९१ धावांवर परतले, तेव्हा सगळा संघ ३७२ धावांत बाद झाला होता. हेडिंग्ली येथे त्यांनी ७० धावांत ७ बळी घेतले. ही त्यांची प्रथम श्रेणीतीलही सर्वोत्तम गोलंदाजी ठरली.

शिक्षणासाठी ते १९५७–५८ व १९५८–५९ या मोसमांतील कसोटी मालिका खेळले नाहीत. १९५९–६० मध्ये इंग्लंडविरुद्ध ब्रिजटाउन येथे परतताच त्यांनी नाबाद १९७ धावा केल्या व गॅरी सोबर्स (२२६) यांच्यासह चौथ्या गड्यासाठी ३९९ धावांची भागीदारी रचली. हा डाव अकरा तासांहून अधिक चालला. त्याच्या संथपणावर त्या वेळी टीकाही झाली.

कर्णधारपदाचा प्रश्न

वेस्ट इंडीजमध्ये क्रिकेट संघाचे कर्णधारपद हा केवळ खेळाचा विषय नव्हता. ऊसमळ्यांच्या अर्थव्यवस्थेवर उभ्या राहिलेल्या या समाजांत वर्ण, वर्ग आणि अधिकार यांची उतरंड होती व तिचेच प्रतिबिंब संघरचनेत पडत असे. धावा करणारे आणि बळी घेणारे बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असले, तरी त्यांना नेतृत्व करण्यास योग्य समजले जात नसे. जॉर्ज हेडली यांना १९४८ साली ब्रिजटाउन येथे एका कसोटीत कर्णधारपद मिळाले, परंतु ते तेवढ्यापुरतेच होते. १९५४–५५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मायदेशातील मालिकेत ‘तीन डब्ल्यूं’ना डावलून डेनिस ॲटकिन्सन यांना उपकर्णधार नेमले गेले. जेफ्री स्टॉलमायर जखमी झाल्यावर ॲटकिन्सन यांनीच नेतृत्व केले. या निवडीवर कॅरिबियन वृत्तपत्रांतून नाराजी व्यक्त झाली.

१९५८ मध्ये वेस्ट इंडीजच्या बेटांचे संघराज्य अस्तित्वात आले. स्वयंशासनाची चळवळ जोर धरू लागली. या पार्श्वभूमीवर इतिहासकार व पत्रकार सी. एल. आर. जेम्स यांनी त्रिनिदादमधील ‘द नेशन’ या पत्राचे संपादक या नात्याने वॉरेल यांना कर्णधार करावे, यासाठी जोरदार लेखन केले. आपल्या देशाचा कारभार आपण चालवू शकतो असे मानणाऱ्या समाजाने क्रिकेटचा संघ चालविण्यासाठी विशिष्ट वर्णाचा माणूस का शोधावा, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. जानेवारी १९६० मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत एका धावचीतीनंतर प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या व खेळ थांबवावा लागला. या प्रसंगाने समाजातील अस्वस्थता उघड झाली. त्याच वर्षी १९६०–६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी वॉरेल यांची कर्णधारपदी नियुक्ती जाहीर झाली. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. या चळवळीचा वृत्तांत जेम्स यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बियाँड अ बाउंड्री’ या ग्रंथात दिला आहे.

मावळते कर्णधार जेरी अलेक्झांडर यांचे या काळातील वर्तन उल्लेखनीय आहे. कर्णधारपद गेल्यानंतर त्यांनी वॉरेल यांच्या हाताखाली उपकर्णधार व यष्टिरक्षक म्हणून खेळणे स्वीकारले. ऑस्ट्रेलियातील मालिकेत त्यांनी ४८४ धावा केल्या व सिडनी येथे प्रथम श्रेणीतील आपले एकमेव शतक काढले. या नाजूक सत्तांतरात कटुता निर्माण झाली नाही, याचे श्रेय दोघांनाही दिले जाते.

ऑस्ट्रेलिया दौरा (१९६०–६१)

या दौऱ्यापूर्वी कसोटी क्रिकेट कंटाळवाणे झाल्याची तक्रार सर्वत्र होती. संथ फलंदाजी व बचावात्मक डावपेच यांमुळे प्रेक्षक मैदानांपासून दूर जात होते. वॉरेल आणि ऑस्ट्रेलियाचे कर्णधार रिची बेनॉ यांनी हा प्रवाह उलटा फिरविला.

बरोबरीत सुटलेली कसोटी

९ ते १४ डिसेंबर १९६० दरम्यान ब्रिस्बेन येथे झालेल्या पहिल्या कसोटीत वेस्ट इंडीजने ४५३ व २८४, तर ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ५०५ धावा केल्या. सोबर्स यांनी १३२ धावांची खेळी केली. वॉरेल यांनी दोन्ही डावांत प्रत्येकी ६५ धावा काढल्या. अखेरच्या दिवशी ऑस्ट्रेलियापुढे २३३ धावांचे लक्ष्य होते. ६ बाद ९२ अशी अवस्था झाल्यावर ॲलन डेव्हिडसन व बेनॉ यांनी १३४ धावांची भागीदारी करून सामना जवळजवळ जिंकून दिला होता. जो सोलोमन यांच्या अचूक फेकीवर डेव्हिडसन धावचीत झाले आणि खेळ पुन्हा रंगला.

शेवटचे षटक वेस हॉल यांनी टाकले. त्या काळी ऑस्ट्रेलियात आठ चेंडूंचे षटक असे. सहा धावा हव्या होत्या व तीन गडी शिल्लक होते. दुसऱ्या चेंडूवर बेनॉ यष्टीमागे झेलबाद झाले. पाचव्या चेंडूवर उडालेला झेल घेण्यासाठी हॉल स्वतः धावले, परंतु तो सुटला. सहाव्या चेंडूवर विजयी धाव घेताना कॉनरॅड हंट यांच्या सीमारेषेजवळून आलेल्या फेकीवर वॉली ग्राउट धावचीत झाले. धावसंख्या समान झाली होती. सातव्या चेंडूवर सोलोमन यांनी बाजूने नेम धरून थेट यष्टी उडविली आणि इयान मेकिफ धावचीत झाले. ४९८ कसोटी सामन्यांच्या इतिहासात बरोबरीत सुटलेला हा पहिला सामना होय. अखेरच्या क्षणी वॉरेल यांनी हॉल यांना शांतपणे नोबॉल न टाकण्याची आठवण करून दिली आणि तो पडल्यास बार्बाडोसला परतता येणार नाही असे हसत बजावले, अशी आख्यायिका हॉल पुढे अनेकदा सांगत. मैदानावरील गोंधळात न डगमगणारा कर्णधार अशी वॉरेल यांची ओळख या षटकाने जगभर झाली.

मालिकेचा शेवट

मेलबर्न येथील दुसरी कसोटी ऑस्ट्रेलियाने, तर सिडनी येथील तिसरी वेस्ट इंडीजने जिंकली. ॲडलेड येथील चौथ्या कसोटीत केन मॅके व लिंडसे क्लाइन या ऑस्ट्रेलियाच्या अखेरच्या जोडीने दीड तासाहून अधिक काळ खेळपट्टीवर ठाण मांडून सामना अनिर्णित राखला. मेलबर्न येथील पाचवी कसोटी ऑस्ट्रेलियाने दोन गडी राखून जिंकली व मालिका २–१ अशी खिशात घातली. या सामन्यातील एका दिवशी ९०,८०० प्रेक्षकांची उपस्थिती नोंदली गेली. तो त्या काळचा विक्रम होता.

मालिका हरूनही वेस्ट इंडीजच्या संघाला मेलबर्नच्या रस्त्यांवरून उघड्या मोटारींतून मिरवत नेण्यात आले व निरोप देण्यासाठी प्रचंड गर्दी लोटली. पराभूत पाहुण्या संघाच्या वाट्याला असा निरोप क्वचितच आला असेल. बक्षीस समारंभात वॉरेल यांनी आपली टोपी, टाय व ब्लेझर बेनॉ यांच्या स्वाधीन केले आणि आपल्या म्हाताऱ्या गुडघ्यांचा त्यांना काही उपयोग होणार नाही, अशा अर्थाचा विनोद करून पुढचे कपडे राखून ठेवले. दोन्ही देशांमधील मालिकेच्या विजेत्याला द्यावयाच्या चषकाला ‘फ्रँक वॉरेल चषक’ असे नाव देण्यात आले. ब्रिस्बेनच्या कसोटीतील चेंडू बसविलेला हा चषक माजी कसोटीपटू व जवाहिर एर्नी मॅकॉर्मिक यांनी घडविला. खेळत असलेल्या खेळाडूचे, तेही प्रतिस्पर्धी कर्णधाराचे, नाव चषकाला देण्याची ही घटना असाधारण होती.

नेतृत्वाची वैशिष्ट्ये

वॉरेल यांच्यापूर्वी वेस्ट इंडीजच्या संघाविषयी एक ठरावीक मत होते. हे खेळाडू प्रतिभावान व आनंदी वृत्तीचे आहेत, परंतु अडचणीच्या वेळी कोसळतात, असे परदेशी समीक्षक सर्रास लिहीत. वॉरेल यांनी उपदेश न करता आपल्या वर्तनातून हे मत खोटे ठरविले. झेल सुटला तरी ते त्रागा करीत नसत. खेळाडूला सर्वांदेखत न बोलता एकांतात समजावीत. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद आणि ब्रिटिश गियाना येथील खेळाडूंनी आपापले गट करून राहू नये, याकडे त्यांचे लक्ष असे.

भारत दौऱ्यांचा अनुभवही त्यांना यासाठी उपयोगी पडला. १९४९–५० व १९५०–५१ मध्ये राष्ट्रकुल संघातून ते भारतात खेळले. पहिल्या दौऱ्यात त्यांनी कानपूर येथे नाबाद २२३ धावा केल्या. दुसऱ्या दौऱ्यात कर्णधार लेस एम्स यांच्या अनुपस्थितीत काही सामन्यांत त्यांनीच नेतृत्व केले. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीजच्या मिश्र संघाला सांभाळणारा कृष्णवर्णीय कर्णधार भारतीय प्रेक्षकांनी पाहिला, तो त्याच्या स्वतःच्या देशाने पाहण्याच्या जवळपास दहा वर्षे आधी.

भारताचा वेस्ट इंडीज दौरा व कॉन्ट्रॅक्टर यांना झालेली दुखापत

१९६२ च्या प्रारंभी नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला. वॉरेल यांच्या संघाने ही मालिका ५–० अशी जिंकली. मात्र हा दौरा निकालापेक्षा एका अपघातासाठी स्मरणात राहिला. मार्च महिन्यात ब्रिजटाउन येथे बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. त्या काळी शिरस्त्राण वापरले जात नसे. कवटीला गंभीर इजा झाल्याने तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि काही काळ त्यांच्या जिवाची शाश्वती नव्हती.

शस्त्रक्रियेसाठी रक्ताची गरज भासताच प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार वॉरेल यांनी रक्त दिले. भारतीय संघातील पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे व बापू नाडकर्णी यांनीही रक्तदान केले. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढे ते प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले, पण कसोटी सामन्यात त्यांना पुन्हा संधी मिळाली नाही. दौऱ्याच्या उर्वरित भागात एकवीस वर्षांचे मन्सूर अली खान पतौडी यांनी भारताचे नेतृत्व केले.

बंगाल क्रिकेट संघटना दरवर्षी ३ फेब्रुवारी हा दिवस ‘सर फ्रँक वॉरेल दिन’ म्हणून पाळते व त्या दिवशी रक्तदान शिबिर आयोजित करते. एका परदेशी खेळाडूच्या कृतीची आठवण अशा कार्यातून जागती ठेवल्याचे हे विरळा उदाहरण आहे.

इंग्लंड दौरा (१९६३) व निवृत्ती

१९६३ चा इंग्लंड दौरा हा वॉरेल यांचा अखेरचा दौरा होता. ‘विस्डेन चषका’साठी प्रथमच खेळली गेलेली ही मालिका वेस्ट इंडीजने ३–१ अशी जिंकली. मँचेस्टर येथील पहिल्या कसोटीत वॉरेल यांनी नाबाद ७४ धावा केल्या. लॉर्ड्‌स येथील दुसऱ्या कसोटीत इंग्लंडला विजयासाठी २३४ धावा हव्या होत्या. अंतिम षटकात डेरेक शॅकल्टन एक चोरटी धाव घेण्यासाठी धावले, तेव्हा जवळच उभ्या असलेल्या वॉरेल यांनी चेंडू उचलून फेकण्याचा धोका पत्करला नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते स्वतः चेंडू हातात घेऊन गोलंदाजाच्या टोकापर्यंत धावले आणि शॅकल्टन यांच्या आधी पोहोचून त्यांनी यष्टी उडविली. हाताचे हाड मोडलेले कॉलिन काउड्रे प्लॅस्टर घातलेल्या हाताने मैदानात उतरले, पण त्यांना चेंडू खेळावा लागला नाही. इंग्लंडचा डाव ९ बाद २२८ वर थांबला व सामना अनिर्णित राहिला.

ऑगस्ट १९६३ मध्ये ओव्हल येथे मिळालेल्या विजयाने वॉरेल यांची कारकीर्द संपली. लंडनमध्ये कामधंद्यासाठी आलेल्या हजारो कॅरिबियन स्थलांतरितांना परक्या शहरात ताठ मानेने वावरण्याचे बळ या विजयाने दिले. मालिकेला मिळालेल्या प्रतिसादामुळे वेस्ट इंडीजचा पुढील इंग्लंड दौरा नियोजित काळाच्या आधीच, १९६६ मध्ये घेण्यात आला. निवृत्त होताना वॉरेल यांनी उत्तराधिकारी म्हणून सोबर्स यांचे नाव सुचविले. १९६४–६५ मध्ये सोबर्स यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला मायदेशी हरवून फ्रँक वॉरेल चषक प्रथमच जिंकला, तेव्हा संघाचे व्यवस्थापक खुद्द वॉरेल होते.

सार्वजनिक जीवन

वॉरेल १९६२ ते १९६४ या काळात जमैकाच्या सिनेटचे सदस्य होते. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या जमैकातील मोना परिसरात त्यांनी आयर्विन हॉल या वसतिगृहाचे अधिष्ठाता म्हणून काम केले. पुढे त्रिनिदादमधील सेंट ऑगस्टिन परिसरातही त्यांनी विद्यार्थिविषयक जबाबदारी सांभाळली. १९६४ च्या नववर्ष सन्मानांत त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९५९ मध्ये त्यांचे ‘क्रिकेट पंच’ हे आत्मचरित्र प्रकाशित झाले होते.

त्यांच्या सर्वच भूमिका सर्वमान्य होत्या असे नाही. १९५९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील गौरेतर संघांशी खेळण्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली एका खाजगी संघाचा दौरा ठरत होता. केप टाउनचे बेसिल डॉलिव्हिएरा यांचा त्यासाठी पुढाकार होता. अशा दौऱ्याने वर्णभेदी व्यवस्थेला अप्रत्यक्ष मान्यता मिळेल, असा आक्षेप लिअरी कॉन्स्टंटाइन यांच्यासह अनेकांनी घेतला. तेथील वंचित खेळाडूंना जगापुढे येण्याची ही संधी आहे, असे जेम्स यांचे मत होते. अखेर दौरा रद्द झाला.

दुसरा वाद त्यांच्या अखेरच्या दिवसांतला आहे. १९६२ मध्ये वेस्ट इंडीजचे संघराज्य मोडले व बेटे एकामागून एक स्वतंत्र होऊ लागली. नोव्हेंबर १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या बार्बाडोसने उर्वरित जगाच्या संघाविरुद्ध सामना खेळण्याचे ठरविले. ही कल्पना संकुचित असून वेस्ट इंडीजच्या एकत्वाला बाधक आहे, अशी जाहीर टीका वॉरेल यांनी केली. आपल्याच जन्मभूमीविरुद्ध बोलल्याबद्दल बार्बाडोसमध्ये त्यांच्यावर रोष ओढवला. राजकीय संघराज्य संपल्यानंतरही क्रिकेट संघ आणि विद्यापीठ या सर्व बेटांच्या सामाईक संस्था उरल्या होत्या. वॉरेल यांचे आयुष्य या दोन्ही संस्थांत गेले होते. हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या टीकेमागील तळमळ समजते.

मृत्यू

१९६६–६७ च्या मोसमात वेस्ट इंडीजचा संघ भारतात असताना वॉरेल हेही भारतात आले होते. याच भेटीत त्यांना ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) असल्याचे उघड झाले. जमैकाला परतल्यावर काही आठवड्यांतच, १३ मार्च १९६७ रोजी, किंग्स्टन येथे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांच्यासाठी स्मरणसभा झाली. हा मान मिळालेले ते पहिले क्रीडापटू होत.

सांख्यिकी

कसोटी : ५१ सामने, ३,८६० धावा, सरासरी ४९.४८, ९ शतके, २२ अर्धशतके, सर्वोच्च २६१. ६९ बळी, सरासरी ३८.७२, सर्वोत्तम ७० धावांत ७, ४३ झेल.

प्रथम श्रेणी : २०८ सामने, १५,०२५ धावा, सरासरी ५४.२४, ३९ शतके, सर्वोच्च नाबाद ३०८. ३४९ बळी, सरासरी २८.९८, सर्वोत्तम ७० धावांत ७.

कसोटी कर्णधार : १५ सामने, ९ विजय, ३ पराभव, २ अनिर्णित, १ बरोबरीत.

सन्मान व स्मृती

ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी मालिका आजही फ्रँक वॉरेल चषकासाठी खेळली जाते. बार्बाडोसच्या २०१३ मध्ये चलनात आलेल्या पाच डॉलरच्या नोटेवर वॉरेल यांचे चित्र आहे. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

बार्बाडोसमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या केव्ह हिल परिसरातील ‘थ्री डब्ल्यूज ओव्हल’ या मैदानालगत वॉरेल यांची समाधी आहे. २००६ मध्ये वॉलकॉट यांचे आणि २०२० मध्ये वीक्स यांचे निधन झाल्यावर त्यांनाही तेथेच चिरविश्रांती देण्यात आली. अठरा महिन्यांच्या अवधीत एकाच परिसरात जन्मलेले तिन्ही खेळाडू अशा रीतीने पुन्हा एकाच ठिकाणी एकत्र आले आहेत.